आमच्या फ्लेक्सवरचे प्राउड लोक

परीक्षा पास झाली माझी बायको आणि फजिती झाली माझी. संसारात कामाची वाटणी अशीच असते म्हणा, पण या खेपेला ती जरा जास्तच उघड्यावर झाली. उघड्यावर म्हणजे अक्षरशः रस्त्यावर, आठ फूट बाय बारा फूट.

देलिसा, म्हणजे माझी बायको, एक्कावन्नाव्या वर्षी शिक्षकांची सरकारी परीक्षा पास झाली. चौथ्या खेपेला. दिवसा शाळेच्या कँटीनमध्ये नूडल्स वाढायच्या, संध्याकाळी कॉलेज करायचं आणि घरी येऊन भांड्यांच्या ढिगाशेजारी पुस्तक उघडायचं, असं तिचं किती वर्षं चाललं होतं. आधीच्या तीन निकालांच्या वेळी ती काही बोलली नाही आणि मीही काही बोललो नाही. आता बोलण्यासारखं झालं, तर ती नव्या शिक्षकांच्या शपथविधीसाठी मनिलाला गेलेली. रविवारी दुपारच्या बसने परत यायची होती.

आमच्या सान लिबोरियोत परीक्षा पास झालेल्या माणसाच्या घरावर फ्लेक्स लागतो. नर्स झाली, फ्लेक्स. इंजिनिअर झाला, फ्लेक्स. मागच्या गल्लीतला एकजण तर नुसतं ट्रकचं लायसन्स मिळाल्यावर झळकला होता, हातात स्टिअरिंग घेऊन. ज्याचा फ्लेक्स नाही तो पास झाला यावर लोक चटकन विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा देलिसाचा फ्लेक्स लागणार हे ठरलेलंच होतं. मला त्यावर फक्त एक ओळ माझी हवी होती. खाली, कोपऱ्यात: 'फ्रॉम युअर प्राउड हजबंड'. तिने ट्रायसिकलमधून, म्हणजे मोटारसायकलला डबा जोडलेल्या आमच्या रिक्षातून, उतरावं, वर बघावं, ती ओळ वाचावी, आणि मी शेजारी दात कोरत उभा असावं, जणू माझा काही संबंधच नाही. एवढाच बेत. तोंडाने असलं काही बोलायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. माझ्या वडिलांनी आईला जन्मात एकदा 'बरी दिसतेस' म्हटलं होतं, आणि तेव्हा ती टायफॉइडमधून उठली होती.

आता 'प्राउड'च का, असं कुणी विचारेल. मीही दिंदोला तेच विचारलं. दिंदोचं फ्लेक्स छापायचं दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे. गावातले सगळे आनंद आणि सगळी दुःखं त्याच्याच मशीनमधून बाहेर येतात.

"मी म्हणतो, 'हॅपी हजबंड' लिहिलं तर?" मी म्हणालो. प्राउड म्हणजे जरा छाती काढून चालल्यासारखं वाटतं मला.

दिंदोने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मनोंग तेर्यो, हॅपी वाढदिवसाला असतं. मयताला लविंग असतं. परीक्षेला प्राउड. हॅपी लिहिलंत तर लोक केक मागायला येतील."

"आणि लविंग हजबंड?"

"मग फुलं घेऊन येतील."

त्याच्या कॉम्प्युटरवर साचा तयारच होता. वर 'काँग्रॅच्युलेशन्स' आणि पास झालेल्याचा फोटो, खाली 'युअर प्राउड' आणि पुढे मोकळी रेघ. त्या रेघेवर मामा, काका, शाळा, क्लब, पक्ष, काय हवं ते बसतं. आमच्याकडे हा शब्द बोलायचा नसतोच, छापायचा असतो. दिंदो म्हणाला की माझ्या मशीनमध्ये सगळ्यात लवकर काळी शाई संपते आणि त्याचं कारण हा एक शब्द आहे. मी तीन फूट बाय पाच फुटांची ऑर्डर दिली आणि घरी आलो. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

घरी आलो तर ओट्यावर मनांग सिद्रा बसलेली. मनोंग म्हणजे मोठा भाऊ, तशी मनांग म्हणजे मोठी बहीण, आणि ही देलिसाची मोठी बहीण आहे, पण तिचा एकंदर आवाज आणि अधिकार बघता ती अख्ख्या इलोकोस प्रांताचीच मोठी बहीण असावी.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "प्राउड हजबंड म्हणे."

दिंदोच्या दुकानातून बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. मी काही बोलणार तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "बरं केलंस. पण लहानपणी तिचं नाक कुणी पुसलं? तू? तू तर तिला पहिल्यांदा पाहिलीस तेव्हा तिचं नाक पुसून झालं होतं."

"तुझंही नाव घालू, मनांग."

"नुसतं प्राउड?"

"म्हणजे?"

"तू प्राउड आणि मीही प्राउड, मग आपल्यात फरक काय राहिला? मी तिला कडेवर घेऊन फिरलेय. मला व्हेरी प्राउड पाहिजे. आणि फोटो."

मेहुणीचा फोटो म्हटल्यावर माझाही आलाच, आणि व्हेरी प्राउडसकट हे सगळं तीन बाय पाचात बसेना. मोठा फ्लेक्स म्हणजे जास्त खर्च, आणि मी इलोकानो माणूस, माझ्या खिशाला सहज हात लागत नाही. पण मनांग सिद्राही इलोकानोच. "मोठाच घे," ती म्हणाली. "सोहळा झाला की भात वाळत घालायला होईल. तीन बाय पाचावर काय वाळवशील, मिरच्या?" हे मात्र मला पटलं. आमच्या गावात अर्धं पीक अभिनंदनावरच वाळतं. मागच्या हंगामात मी स्वतः एका डेंटिस्टच्या तोंडावर भात पसरला होता.

फ्लेक्स चार बाय सहा झाला, आणि आता तो कुठे बांधायचा हा प्रश्न आला. घराच्या एका बाजूला विजेचा खांब आणि दुसऱ्या बाजूला नारळाचं झाड. समोरचे आपो अंबोय दिवसभर आपल्या खुर्चीत बसून गल्लीचा कारभार बघतात. आपो हे आम्ही वडीलधाऱ्यांना म्हणतो, आणि हे तर इतके वडील आहेत की त्यांना उलट उत्तर द्यायला बरोबरीचं कुणी उरलेलंच नाही. त्यांनी तिथूनच विचारलं, "झाड कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हणजे? माझ्या कुंपणात आहे."

"बुंधा तुझ्या कुंपणात आहे. झाड कोन्सोर्सियाचं आहे. ती हवाईला गेली तेव्हा जमीन विकली, झाड विकलं नाही. नारळ कोण पाडतं?"

नारळ कोन्सोर्सियाचा पुतण्या पाडतो, हे खरं होतं. मी इतकी वर्षं समजत होतो की तो शेजारधर्म म्हणून पाडतो. मग हवाईला व्हिडिओ कॉल लावणं आलं. तिकडे किती वाजले होते देव जाणे, कोन्सोर्सिया केसांना रोलर लावून बसली होती. तिने आधी झाड दाखव म्हटलं, मग त्याचा शेंडा दाखव, मग त्याला खिळा मारणार नाहीस ना अशी शपथ घातली, आणि मग डोळ्याला रुमाल लावून म्हणाली, "देलिसा आमच्या बेंचवर बसायची रे. बांध, खुशाल बांध. फक्त खाली लिही, 'सो प्राउड, हवाई'."

"सो प्राउड हवाई? अख्खं हवाई?"

"माझा फोटो टाक म्हणजे कळेल लोकांना. हार घातलेला पाठवते."

हार घातलेला फोटो आला. दिंदोने तो पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "ह्या बाई वारल्या का? तसं असेल तर लविंग टाकावं लागेल." मी म्हटलं, हवाईला जिवंत माणसांनाही हार घालतात. फ्लेक्स पाच बाय आठ झाला.

विजेच्या खांबासाठी वस्तीच्या कचेरीची परवानगी लागते. मी स्वतः पाणीखात्यात मीटर सुपरवायझर होतो, त्यामुळे कचेरीची मला भीती नाही, उलट तिथला वास आला की बरं वाटतं. टेबलामागच्या बाईंनी अर्ज घेतला, वाचला आणि परत केला.

"अभिनंदन ज्यांचं आहे त्यांची सही पाहिजे."

"पण त्यांना कळू द्यायचं नाहीये. अचानक दाखवायचं आहे."

"मग त्यांना न कळता त्यांची सही आणा."

मी शांतपणे सांगितलं की मी सुपरवायझर होतो. त्या म्हणाल्या, हो, आमच्या घराचं मीटर एकदा उलटं वाचलं होतं तुम्ही. मी अर्जाची घडी घालत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून कॅप्टन बर्नाबे बाहेर आले. हे कॅप्टन जहाजावरचे नव्हेत. आमच्या वस्तीने निवडून दिलेले, आणि पुन्हा निवडून यायची इच्छा असलेले.

"तेर्यो," खांद्यावर हात टाकून ते म्हणाले, "परवानगी हवीच कशाला? हे बघ. त्या फ्लेक्सवर माझा फोटो असला की तो फ्लेक्स राहत नाही. ती सरकारी सूचना होते. सूचनेला परवानगी लागते का? सूचना आम्हीच तर लावतो."

मला हे इतकं सोपं वाटलं की मी त्यांचे आभार मानले. कारकुनी डोक्याचा हाच दोष आहे, पळवाट दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. मग कॅप्टन म्हणाले, सूचना म्हटली की ती रस्त्यावरून दिसली पाहिजे, म्हणजे फोटो मोठा हवा. आणि तुझी मेहुणी व्हेरी प्राउड असेल तर मी, वस्तीचा प्रमुख, त्याहून खाली कसा असेन? लोक काय म्हणतील? मला मोस्ट प्राउड लिही.

फोटो त्यांच्याकडे तयार होता. पंधरा वर्षांपूर्वीचा, पांढऱ्या भरतकामाच्या शर्टातला, गोरा केलेला, आणि शेजारी वर केलेला अंगठा. अंगठाही गोरा केला होता.

आता हे गावभर झालं. सकाळी मटण आणायला गेलो तर चोलेंगने सुरा खाली ठेवला. चोलेंगचं डुकराच्या मटणाचं दुकान आहे आणि देलिसा तिची जुनी गिऱ्हाईक. "मला वाटलं होतं तू विचारशील," ती म्हणाली. "तिच्या परीक्षेच्या प्रत्येक सकाळी मी कलेजी बाजूला काढून ठेवायचे. डोक्याला चांगलं म्हणून. फुकट नाही दिली, पण ठेवायचे तर खरं." तिचे डोळे भरून आले होते, आणि हातात पुन्हा सुरा आला होता. ती फॉरएव्हर प्राउड झाली, आणि खाली 'ताजं मटण रोज पहाटे' ही ओळही आली, कारण जागा आहेच तर वाया का घालवा. मग ट्रायसिकलवाल्यांची संघटना आली. देलिसा रोज त्यांच्याच ट्रायसिकलमधून कॉलेजला जायची आणि वाटेत मोठ्याने पाठांतर करायची. त्यातल्या दोघातिघांचे म्हणे अजून शिक्षणाचे सिद्धांत तोंडपाठ आहेत. त्यांना मी नाही कसं म्हणणार? ते ऑल प्राउड झाले.

शनिवारी दुपारी दिंदोच्या कॉम्प्युटरवर अख्खा फ्लेक्स पाहायला गेलो. आठ बाय बारा. इतके चेहरे, इतके प्राउड, की मला जरा गरगरलं. दिंदोने बोटाने दाखवलं, "सगळ्यांच्या पुढे काहीतरी आहे बघा. व्हेरी, सो, मोस्ट, फॉरएव्हर. तुमचंच प्राउड तेवढं नुसतं. समोर काही घालू का? बाकीच्यांत बिचारं वाटतंय."

मी जरा विचार केला. व्हेरी घ्यावा तर मेहुणीशी बरोबरी. मोस्ट सरकारजमा. शेवटी मी म्हणालो, "राहू दे तसंच. नवऱ्याला नुसतं पुरे."

"मग एकदा नीट तपासून सांगा. मशीन लावली की पुन्हा नाही."

मी तपासलं, शपथेवर सांगतो. चष्मा लावून माझी ओळ शोधली. होती. मधोमध होती. कोपऱ्यात मागितली होती, पण दिंदोने मोठ्या मनाने मधोमध घातली होती. एफपासून डीपर्यंत एकेक अक्षर पाहिलं, सगळं बरोबर. ती ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि मी "लाव मशीन" म्हणालो. बाकी काही मी पाहिलं नाही. कुणी पाहिलं असतं का? आपण फोटोत पहिल्यांदा स्वतःलाच शोधतो की नाही?

रविवारी सकाळी सगळे चर्चमध्ये असताना दिंदो आणि ट्रायसिकलवाल्यांनी फ्लेक्स बांधला. मी मुद्दामच चर्चमध्ये होतो. प्रार्थना संपवून, चारचौघांत सावकाश चालत, आपल्याला काही माहीतच नाही अशा चेहऱ्याने गल्लीत वळायचं ठरवलं होतं. वळलो. समोर गर्दी होती, आणि गर्दी गप्प होती. आनंदाच्या फ्लेक्ससमोर गर्दी गप्प नसते.

आपो अंबोय खुर्चीतून उठून उभे राहिले होते. याआधी आमच्या गल्लीत ते फक्त भूकंपाला उठले होते.

"तेर्यो," ते म्हणाले, "मोडलं कधी? निदान कळवायचंस तरी."

"काय मोडलं, आपो?"

त्यांनी काठीने वर दाखवलं.

फ्लेक्सच्या मधोमध कॅप्टन बर्नाबे हसत होते. अंगठा वर. मोठा, गोरा, पंधरा वर्षांनी तरुण चेहरा. आणि त्याखाली, दुरून दिसेल अशा अक्षरांत, स्वच्छ छापलं होतं: 'फ्रॉम युअर प्राउड हजबंड'.

झालं होतं असं, की कॅप्टनचा फोटो मोठा करताना सगळे फोटो एकेक घर पुढे सरकले आणि ओळी आपापल्या जागी राहिल्या. मनांग सिद्राखाली ट्रायसिकल संघटना आली होती. हवाईची हारवाली कोन्सोर्सिया व्हेरी प्राउड बहीण झाली होती. चोलेंग वस्तीची मोस्ट प्राउड कॅप्टन झाली होती, आणि ते तिला शोभतही होतं. आणि मी? मी डाव्या कोपऱ्यात होतो. निवृत्तीच्या दिवशीचा कोटातला फोटो, गंभीर चेहरा, आणि खाली 'ताजं मटण रोज पहाटे'. एक अनोळखी बाई मला निरखून बघत होती, बहुधा चरबीचा अंदाज घेत असावी.

"दिंदो," मी म्हणालो.

"तुम्ही तपासलंत, मनोंग," दिंदो म्हणाला. "मी म्हटलं होतं, नीट बघा."

मनांग सिद्रा संतापाने थरथरत होती. तिला कॅप्टन नवरा झाल्याचं काही नव्हतं. "मी संघटना दिसते का?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. ट्रायसिकलवाले मात्र खूश होते. त्यांच्या मते त्यांना प्रथमच भारदस्त अध्यक्ष मिळाला होता. कॅप्टन घाईघाईने आले, वर पाहिलं, आणि सवयीने त्यांचा अंगठा अर्धा वर गेला. मग त्यांनी ओळ वाचली आणि तो खाली आला.

"छपाईची चूक आहे," ते गर्दीला म्हणाले. "लोकहो, ही निव्वळ..."

गर्दी दुभंगली. त्यांची बायको पुरिंग आली होती. आमच्या गावात पुरिंगला कॅप्टनीणबाई म्हणतात आणि कॅप्टनपेक्षा जास्त मानतात. तिच्या हातात शिवणकामाची कात्री होती. बातमी ऐकून चर्चमधून थेट घरी जाऊन ती कात्री घेऊन आली, म्हणजे विचारपूर्वकच आली होती.

"पुरिंग, अगं, तुला माहीत आहे काही नाहीये ते," कॅप्टन म्हणाले.

"माहीत आहे. देलिसाला काय वेड लागलंय?" पुरिंग म्हणाली. "त्याचा राग नाहीच मला. तीस वर्षं माझ्या हातचं जेवतोयस. मी विणकामाची स्पर्धा जिंकले, तेव्हा काय म्हणालास? मीठ कमी आहे म्हणालास. आणि इथे रस्त्यावर प्राउड? मोस्ट?"

"मोस्ट ते नाही, ते चोलेंगखाली गेलंय..."

"आणखी चोलेंगही?"

तिने शिडी मागितली. तिला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ती वर चढली, आणि सदरा कापतात तशा सफाईने तिने कॅप्टनचा चेहरा कडेकडेने कापून काढला. अंगठ्याला हात लावला नाही. तो चेहरा काखेत मारून ती खाली उतरली आणि घरी गेली, आणि तिच्या मागोमाग बिनचेहऱ्याचे कॅप्टन, "अगं ऐक तर," म्हणत गेले. नंतर कळलं की त्या दिवशी त्यांनी अख्ख्या जेवणाची तारीफ केली, एकेका पदार्थाचं नाव घेऊन. पण ती त्यांच्या घरची गोष्ट.

आमच्याकडे आता भोक होतं. पांढरा भरतकामाचा शर्ट, शेजारी वर केलेला अंगठा, मध्ये डोक्याएवढं भोक, आणि खाली माझी ओळ. बस यायची वेळ होत आली होती. लोक सल्ले द्यायला लागले. चोलेंग म्हणाली, भोकावर पुठ्ठा लावा. ट्रायसिकलवाले म्हणाले, सगळाच उतरवा, पाऊस आला म्हणून सांगू. आपो अंबोय म्हणाले, भोक असू दे, तेर्योपेक्षा बोलकं आहे. मी मात्र ठरवलं होतं. एवढे सगळे व्हेरी आणि मोस्ट आणि फॉरएव्हर गेले खड्ड्यात, माझी एक ओळ तिने वाचलीच पाहिजे, आणि ती माझ्या चेहऱ्याखालीच वाचली पाहिजे. निदान मटणाखाली तरी नको.

तेव्हा डाव्या कोपऱ्यातला माझा कोटातला फोटो मी कापून काढला आणि फ्लेक्सच्या मागून शिडीवर चढलो. दिंदोने खाली शिडी धरली. एका हातात स्वतःचा चेहरा आणि दातांत चिकटपट्टी, अशा अवस्थेत निवृत्त सुपरवायझरने चढू नये, हे मला मान्य आहे. मी फोटो भोकाला लावला. बसला अगदी. चिकटपट्टी तोडायला हात उचलला आणि समुद्राकडून वारा आला.

"काय झालं?" दिंदोने खालून विचारलं.

"गेला."

"कोण गेला?"

"मी."

माझा चेहरा कुठे उडाला ते बघायला मी भोकातून डोकं बाहेर काढलं. तो चोलेंगच्या छपरावर जाऊन पडला होता. डोकं परत आत घ्यावं तर कान अडकले. आमच्या घराण्याचे कान मोठे आहेत. बाहेर येताना ते कसे आले आणि आत जाताना का अडले, हे मला अजून कळलेलं नाही. आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी ट्रायसिकल वळली.

देलिसा बाजूच्या डब्यात बसली होती. शपथविधीचा पांढरा पोशाख, मांडीवर पिशवी, पिशवीवर एम्पानादांचा, म्हणजे तळलेल्या तिखट करंज्यांचा, पुडा. ट्रायसिकल थांबली. गर्दीने वाट करून दिली. तिने आधी फ्लेक्सचा डावा कोपरा पाहिला, जिथे आता मटणाच्या वर आभाळ होतं. मग बहीण पाहिली, संघटनेसहित. मग हवाई. मग तिची नजर सावकाश मधोमध आली. तिथे कॅप्टनचा शर्ट होता, कॅप्टनचा अंगठा होता आणि माझं डोकं होतं.

"तेर्यो," ती म्हणाली, "तू तिथे काय करतोयस?"

"फ्लेक्स लावतोय."

तिने माझ्या हनुवटीखाली वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द, पहिलीच्या वर्गाला वाचून दाखवावं तसं. फ्रॉम. युअर. प्राउड. हजबंड.

"हे कुणी लिहायला सांगितलं?"

"मीच."

"लिहिलंस ते दिसतंय," ती म्हणाली. "तोंडही नेऊन ठेवलंयस वर. मग बोल की."

माझं इथे काय झालं असेल याची कल्पना करा. ही एक गोष्ट तोंडाने बोलायला लागू नये म्हणून मी आठ बाय बाराचा खटाटोप केला होता, आणि आता अख्ख्या गल्लीसमोर, हवेत, कान अडकलेल्या अवस्थेत, मला तोंडच तेवढं शिल्लक होतं.

"बोल रे लवकर," आपो अंबोय म्हणाले. "आम्ही उन्हात आहोत."

मी तोंड उघडलं. प्राउड म्हणणार होतो, खरंच म्हणणार होतो. पण तो शब्द तर खाली छापलेलाच होता, आणि आजूबाजूला आणखी पाच वेळा छापलेला होता, मेहुणीचा, हवाईचा, मटणाचा. मला वाटलं, तो पुन्हा म्हणून तिला काय मिळणार?

"निकाल लागला त्या संध्याकाळी," मी म्हणालो, "मी वरची पाण्याची टाकी गळतेय म्हणून चढलो होतो बघ."

"बरं मग?"

"टाकी गळत नव्हती. मी वर बसून रडत होतो. फार आनंद झाला होता मला, देलिसा. आधीच्या तिन्ही वेळीही तेवढंच वाटायचं तुझ्याबद्दल. बोलता आलं नाही एवढंच."

मनांग सिद्राने पदर नसताना डोळ्याला स्कर्टचं टोक लावलं. देलिसाने मांडीवरची पिशवी उचलून ड्रायव्हरच्या हातात दिली आणि ती खाली उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि ती हसत होती की रडत होती ते एवढ्या उंचावरून मला नीट दिसत नव्हतं.

"मला माहीत होतं ते," ती म्हणाली. "पाना स्वयंपाकघरातच ठेवून गेला होतास. आता कान आवळ आणि उतर खाली. मला मिठी मारायची आहे, आणि मी काही तिथे वर येणार नाही."